रणगाड्यांचा इतिहास जपलात, गावांचा कुठाय? नगरच्या लष्करी तळाच्या अधिकाऱ्यांना खुलं पत्र

मा. कमांडंट साहेब, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, नगर,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर,
आणि संरक्षण मंत्रालयात ज्यांच्या टेबलावर हे पोचेल ते सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी भिंगारची. शाळेत इतिहास शिकवते. हे सगळं मी आधी अर्ज म्हणूनच लिहिलं होतं, साध्या कागदावर, सहीशिक्क्यासकट, पण त्याला उत्तर आलं नाही म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. रागाने लिहीत नाहीये, पण गप्प बसणं आता जमत नाही.

झालं असं की यावर्षी नववीच्या मुलांना परिसराच्या इतिहासावर प्रकल्प करायचा होता. बहुतेकांनी चांदबीबी घेतली, काहींनी अहिल्यादेवींचं चौंडी घेतलं, आणि चार पोरांच्या एका गटाने विषय घेतला आपल्या नगरच्या लष्करी प्रशिक्षण केंद्राचा इतिहास. मला फार आनंद झाला कारण एवढी वर्षं शिकवतेय पण हा विषय कुणी घेतलाच नव्हता. पोरं रणगाडा म्युझियमला जाऊन आली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं, वाचनालयात जुनी पुस्तकं चाळली आणि चांगली वीस-बावीस पानं तयार केली. पुढच्या पातळीवर प्रदर्शनाला पाठवायच्या आधी एका कार्यालयातून निरोप आला (कार्यालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही) की लष्कराची पानं काढून टाका, मिल्ट्रीचा विषय आहे, उगाच लफडं नको. पोरांनी पानं काढली. एकाने मला विचारलं, मॅडम यात गुपित काय होतं? मला काही सांगता आलं नाही, कारण त्यात गुपित काहीच नव्हतं.

साहेब, तुम्ही दोन-तीन वर्षांसाठी बदलीवर येता, आम्ही इथलेच. म्हणून त्या पानांत काय होतं ते थोडं सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल.

नगरचा किल्ला निजामशाहीचा, हुसेन निजामशहाने मातीचा कोट पाडून दगडी बांधला तो. 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने आधी शहराची तटबंदी घेतली आणि 12 ऑगस्टला दौलतराव शिंद्यांच्या माणसांकडून किल्ला घेतला, हाच माणूस पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 1818 ला पेशवाई गेली तेव्हा नगर कायमचं इंग्रजांकडे आलं आणि छावणी बसली. म्हणजे भिंगार कॅम्पात लष्कर राहतंय त्याला दोनशेच्या वर वर्षं झाली. बोअर युद्धातले कैदी पार आफ्रिकेतून आणून इथे ठेवले होते, पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन लोकांची छावणी इथेच होती, दुसऱ्या महायुद्धात परत तेच. तिबेटात सात वर्षं काढणारा हाइनरिश हारर हा गिर्यारोहक 1939 ला पकडला गेला तेव्हा त्यालाही आधी आणलं ते नगरलाच. पोरांना ही गोष्ट फार आवडली होती, त्यांनी नकाशा काढून नगर ते ल्हासा अशी रेघ ओढली होती.

रणगाड्यांची गोष्ट पहिल्या महायुद्धानंतर सुरू होते. 1920 च्या दशकात रॉयल टँक कोअरच्या आर्मर्ड कार म्हणजे चिलखती गाड्यांच्या कंपन्या हिंदुस्थानात आल्या आणि त्यांना शिकवायची शाळा नगरला निघाली, पुढे तिचं नाव झालं फायटिंग व्हेइकल्स स्कूल. इथला माळ उघडा, पाऊस कमी, जमीन टणक, गाड्या पळवायला आणि गोळे टाकायला सोयीची. आपल्या दुष्काळाने आपल्याला दुसरं फार काही दिलं नाही, पण ही शाळा दिली असं माझे आजोबा म्हणायचे. घोडदळाच्या पलटणींचे घोडे जाऊन गाड्या आल्या त्या 1938 पासून, सिंद हॉर्स आणि तेरावी लान्सर्स या पहिल्या दोन. 1941 ला इंडियन आर्मर्ड कोअर, म्हणजे रणगाड्यांचं दल, असं नाव झालं. सिंद हॉर्सने 1 मे 1938 ला घोडे सोडून गाड्या घेतल्या, म्हणून 1 मे हा आर्मर्ड कोअरचा दिवस, आपल्या महाराष्ट्र दिनाच्या दिवशीच, पण नगरमध्ये तरी किती जणांना माहिती आहे? फाळणीत या पलटणी वाटल्या गेल्या, बारा भारताला आणि सहा पाकिस्तानला. मग 1948 मध्ये वेगवेगळ्या ठिकाणची ट्रेनिंग विंग, रिक्रूट ट्रेनिंग सेंटर, डेपो आणि रेकॉर्ड असं सगळं नगरला आणून इथल्या शाळेत मिसळलं आणि आजचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल झालं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जोजिला खिंडीत चढले, अकरा हजार फुटांच्या वर, शत्रूला स्वप्नातही वाटलं नसेल. 1979 ला मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ, उभी राहिली, तिचंही सेंटर नगरलाच. वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीईसुद्धा इथेच. 2020 च्या सप्टेंबरमध्ये अर्जुन रणगाड्यातून लेझर गायडेड मिसाइलची चाचणी झाली ती आपल्या के के रेंजवर, म्हणजे लष्कराच्या गोळीबार सरावाच्या माळावर, सरकारनेच फोटोसकट ती बातमी दिली होती.

आता सांगा यातली कुठली गोष्ट गुपित आहे?

माझा या विषयाशी संबंध दोन्ही बाजूंनी आहे. माझे आजोबा, वडिलांचे वडील, कॅम्पात सिव्हिलियन फिटर होते. आयुष्यभर रणगाड्यांची इंजिनं खोलली आणि बसवली. मातृभाषा मराठी, पण कामाचे सगळे शब्द इंग्रजी, गिअर, ट्रॅक, टरेट, बोगी, आणि ते शब्द आमच्या घरात मराठीच होऊन गेले होते. आजोबा आवाजावरून सांगायचे कुठला रणगाडा चाललाय, शर्मन का सेंच्युरियन, आणि आम्ही रस्त्यावर पळत जाऊन बघायचो तर बरोबर निघायचं. 71 च्या लढाईचं ते नेहमी सांगायचे, यंग ऑफिसर्स कोर्सला आलेली पोरं होती, विशीतली, कोर्स अर्धवट टाकून त्यांना आपापल्या पलटणींत जायला सांगितलं आणि बराकी एकदम रिकाम्या झाल्या. त्या पोरांमध्ये एक होता सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचा, कमिशन मिळून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागली, बाहेर पड असा हुकूम आला तरी त्याने रणगाडा सोडला नाही, गन अजून चालतेय म्हणाला, आणि शेवटपर्यंत लढून तिथेच गेला. वय एकवीस. परमवीरचक्र मिळालं. त्याचा तो सेंच्युरियन रणगाडा, फामागुस्ता नाव त्याचं, तो दुरुस्त करून आज तुमच्या सेंटरमध्ये जपून ठेवलाय. त्याच पूना हॉर्सचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पुण्यात शिकलेले, 1965 ला फिलोरा आणि बुटूर डोग्रांदीच्या लढाईत गेले, त्यांनाही परमवीरचक्र. एका पलटणीची दोन परमवीरचक्रं, आणि ती पलटण 1817 साली पुण्यात उभी राहिलेली. हा आमचाही इतिहास आहे साहेब, हे सांगायला मला कुणाची परवानगी लागू नये.

दुसरी बाजू आईची. आईचं माहेर राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या पलीकडे. तिकडे पूर्वी धरणात जमिनी गेल्या, मग वर डोंगराकडे लोक सरकले, आणि तिथे रेंजची हद्द. मामाच्या घरी मी सुट्टीत जायची तेव्हा फायरिंगच्या दिवशी भांडी वाजायची, जनावरं दावं तोडायची, आजी म्हणायची चाललंय त्यांचं. त्या आवाजाची कुणाला भीती वाटायची नाही, सवय होती. भीती होती ती कागदाची. तलाठ्याकडे काय शेरा पडलाय, अजून किती जमीन जाणार, कुठल्या गटातून रेघ गेलीये. ही भीती मी लहानपणापासून ऐकतेय आणि अजून ती तशीच आहे.

आता माझ्या तक्रारी. एकेक सांगते.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार हीच की या तळाच्या इतिहासात माणसं नाहीत. रणगाडा म्युझियम 1994 च्या फेब्रुवारीत सुरू झालं, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी उद्घाटन केलं, ते स्वतः आर्मर्ड कोअरचेच. म्युझियम उत्तम आहे, मी मनापासून सांगते. सिल्व्हर घोस्ट रोल्सरॉइसची आर्मर्ड कार आहे, व्हॅलेंटाइन, चर्चिल, माटिल्डा, जपानी रणगाडे, 65 च्या लढाईतले पाकिस्तानी पॅटन, आपला विजयंता, असे पन्नासच्या आसपास. पोरं तिथून बाहेर यायला तयार नसतात. यंत्राचं वजन, तोफेचं माप, कुठल्या लढाईत होतं हे सगळं कळतं. पण ज्या माळावर हे सगळं उभं आहे तो कुणाचा होता, ही यंत्रं चालू ठेवणारे भिंगारचे, बुऱ्हाणनगरचे, नागरदेवळ्याचे फिटर, वेल्डर, धोबी, खानसामे, मजूर कोण होते, कुठल्या गावाने कुठल्या साली किती जमीन दिली, यातलं काहीच कळत नाही. माझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं आता जवळजवळ संपली. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. अजून पाचदहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही, आणि मग आपण म्हणणार की पुरावा नाही.

मी आजोबांच्या नोकरीची नोंद शोधायला गेले होते. कुठे गेले ते लिहीत नाही. एका ठिकाणी सांगितलं जुनी रजिस्टरं इथे नाहीत, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं सुरक्षेचा प्रश्न आहे. एका फिटरच्या 1950 सालच्या हजेरीत सुरक्षेचा कसला प्रश्न? आजचं मला काही नको. आज आत कुठला रणगाडा आहे, किती आहेत, काय शिकवतात, मी विचारत नाही आणि विचारणारही नाही. आमच्या घरात ती शिस्त आहे, आजोबांनी कामाची गोष्ट कधी उंबऱ्याच्या आत आणली नाही. पण सत्तर वर्षांपूर्वीचं रजिस्टर आणि आजचं गुपित याच्यात फरक करणारा एकतरी माणूस कार्यालयात असायला हवा ना.

दुसरी गोष्ट किल्ला. ज्या किल्ल्यात 9 ऑगस्ट 1942 ला पकडलेली काँग्रेसची जवळजवळ अख्खी कार्यकारिणी आणून ठेवली, नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, पंत, कृपलानी, आपले शंकरराव देव, तो किल्ला. नेहरूंनी भारताच्या इतिहासावरचं त्यांचं जगप्रसिद्ध पुस्तक याच किल्ल्यात लिहिलं, 1944 साली. मौलाना आझादांची बायको कलकत्त्याला वारली 1943 च्या एप्रिलमध्ये, ते इथे कैदेत होते, शेवटची भेटसुद्धा झाली नाही. हे मी वर्गात शिकवते तेव्हा पोरं एकदम शांत होतात, आणि मग विचारतात की मॅडम हे आपल्या इथेच झालं का? हो, इथेच, शाळेपासून सायकलवर जाता येईल इतकं जवळ. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. लष्कराने तो राखला, नाहीतर आजूबाजूच्या वास्तूंचं जे झालं तेच त्याचं झालं असतं, हे मान्य करते. फराहबागेकडे बघा, निजामशाहीतला एवढा देखणा महाल, लष्करी हद्दीला लागून उभा आहे आणि त्याची काय अवस्था आहे. पण किल्ल्यात जायचं तर वेळ, ओळखपत्र, नोंद, आज चालू आहे का बंद, हे सगळं गेटवर गेल्यावर कळतं. बाहेरगावची माणसं येऊन परत जातात, मी स्वतः पाहिलंय. चाळीस मुलांची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने काय करायचं?

तिसरी गोष्ट रेंज, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे कारण शहरातल्या लोकांना हे माहितीच नसतं. के के रेंज म्हणजे खारे कर्जुने, नगर तालुक्यातलं गाव. रेंजचं क्षेत्र नगर, राहुरी आणि पारनेर अशा तीन तालुक्यांत पसरलेलं आहे. सरावासाठी जी जमीन अधिसूचित होते ती 1938 च्या कायद्याने, इंग्रजांच्या काळातला मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट. म्हणजे जमीन तुमच्या नावावर राहते, पण ठरलेल्या काळात तिथे सराव होऊ शकतो आणि तुम्हाला बाहेर काढता येतं. अधिसूचना राज्य सरकार काढतं, मुदत संपली की परत काढतं. 2020 ला विस्ताराची चर्चा उठली तेव्हा 23 गावांत नुसती धावपळ झाली होती. वावरथ, जांभळी, बारागाव नांदूर, वनकुटे, सगळीकडे ग्रामसभा, ठराव, मोर्चे, आणि आपले लोकप्रतिनिधी दिल्लीला जाऊन संरक्षणमंत्र्यांना भेटून आले. त्या महिन्यांत माझा मामा रात्री झोपत नव्हता. विहिरीवर कर्ज काढलेलं, डाळिंबाची बाग लावलेली, आणि कुणी म्हणतंय जमीन जाणार, कुणी म्हणतंय नुसता सराव आहे, जमीन जाणार नाही. अधिसूचित होणं आणि संपादित होणं यातला फरक सांगणारा एक मराठी कागद त्याच्या हातात कुणी दिला नव्हता. बँकेत गेला तर तिथला माणूस विचारतो तुमचा गट रेंजमध्ये आहे का, आणि मामालाच माहिती नाही. स्वतःच्या शेताबद्दल!

आणि हाच कायदा शेतकऱ्याच्या बाजूने काय सांगतो तेही वाचा. सरावात पिकाचं, घराचं नुकसान झालं तर भरपाई द्यायची असं त्यात लिहिलंय, आणि ती ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल अधिकारी नेमून सरावाच्या तुकडीबरोबर पाठवायचा असंही लिहिलंय. मामाच्या गावात मी म्हाताऱ्या माणसांना विचारलं की असा अधिकारी कधी बांधावर आलेला आठवतोय का. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

रेंजवरच्या भंगाराचंही बोललंच पाहिजे. गोळ्यांचे तुकडे, पितळ, लोखंड गोळा करून विकायला गरीब माणसं रेंजमध्ये शिरतात, न फुटलेला गोळा हातात फुटतो आणि माणूस जातो. अशा बातम्या नगरच्या पेपरात आम्ही लहानपणापासून वाचत आलोय. दरवेळी शेवटी एकच वाक्य असतं की संबंधितांनी प्रतिबंधित क्षेत्रात प्रवेश केला होता. बरोबर आहे, केला होता. पण रोजंदारीचा माणूस जीव धोक्यात घालून पितळ वेचायला का जातो, आणि सराव झाल्यावर ते क्षेत्र साफ का होत नाही, हे कोण विचारणार? ही मेलेली माणसंसुद्धा या तळाच्या इतिहासात आहेत. त्यांची नावं कुठेही एकत्र लिहिलेली नाहीत.

कुणी म्हणेल की बाई, देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे, तुम्ही काय घेऊन बसलात. मी ते विसरलेले नाही. सराव कुठेतरी करावाच लागणार, रणगाडा चालवायला माळ लागतोच, आणि तो आपल्या नगरला आहे याचा मला अभिमान आहे. या 23 गावांत घरटी नाही तरी वाडीवस्तीला एकतरी माजी सैनिक सापडतो, ते लोक काही लष्कराच्या विरोधात नाहीत. त्यांनी ग्रामसभेत ठराव केला म्हणून त्यांच्याकडे संशयाने बघू नका. ज्याने जमीन दिली, पोरगा दिला, आयुष्यभर आवाज सोसला, त्याला तुझी जमीन कधी घेतली, कशासाठी घेतली आणि पुढे काय आहे एवढं लेखी सांगायला काय हरकत आहे?

आता मागण्या. सगळ्या करण्यासारख्या आहेत, कशालाही फार पैसा लागत नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयाने रेंजसाठी आजवर काय काय झालं त्याची गाववार यादी मराठीत काढावी. कुठल्या गावाची किती जमीन, कुठल्या साली, संपादित का अधिसूचित, मोबदला किती ठरला आणि किती वाटला, सध्याच्या अधिसूचनेची मुदत कधी संपते, आणि गट नंबर दिसतील असा नकाशा. ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत भिंतीवर लागावी. हे सगळे महसूल खात्याचे कागद आहेत, यात लष्कराचं काहीच उघडं पडत नाही.

फायरिंगच्या तारखा गावात पुरेशा आधी मराठीतून कळाव्यात, नुसती पेपरात बारीक अक्षरात नोटीस नको, दवंडी द्या, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, शाळेला कळवा. भरपाईसाठी महसूल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन त्याच नोटिशीवर असावा. सराव संपल्यावर न फुटलेले गोळे शोधून निकामी करण्याचं काम झालं की नाही हे गावाला लेखी सांगावं. जे जखमी झाले, मेले त्यांची नोंद पोलीस ठाण्यांत आहे, ती एकत्र करा.

कमांडंट साहेब, तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. म्युझियममध्ये एक खोली, फक्त एक, या तळाच्या आणि आजूबाजूच्या गावांच्या इतिहासाला द्या, मराठी आणि हिंदीत. वेलस्लीपासून आजपर्यंत, त्यात फायटिंग व्हेइकल्स स्कूल येऊदे, 1948 येऊदे, कैद्यांच्या छावण्या येऊदेत, सिव्हिलियन कामगार येऊदेत आणि खारे कर्जुनेसुद्धा येऊदे. जुने फोटो तुमच्याकडे नक्की असतील, भिंगारच्या घराघरांतसुद्धा आहेत, तुम्ही मागितले तर लोक आनंदाने आणून देतील. निवृत्त कामगारांच्या मुलाखती रेकॉर्ड करायचं काम आमच्या शाळेची मुलं करतील, तुम्ही फक्त एक अधिकारी नेमून द्या जो बघेल की नको ते त्यात जात नाहीये. म्हणजे सुरक्षेचाही प्रश्न सुटला.

फामागुस्ता रणगाडा वर्षातून निदान दोन दिवस शाळेच्या मुलांना जवळून बघू द्या, 1 मे आणि 16 डिसेंबर. ज्या वयात अरुण खेत्रपाल गेला त्या वयाच्या जवळ जाणारी ही मुलं आहेत, आणि त्याने नगरला शिक्षण घेतलं होतं हे त्यांना माहिती नाही.

किल्ल्याच्या वेळा ठरवून बाहेर मोठ्या पाटीवर आणि वेबसाइटवर लावा, बंद असेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि शाळांच्या सहलींना आगाऊ नोंदणीची सोय करा. नेत्यांच्या खोल्या दाखवायला मराठीत माहिती सांगणारा माणूस हवा. लष्कराला मनुष्यबळ नसेल तर शहरात इतिहासाची आवड असलेले कितीतरी लोक आहेत, ते रविवारी विनामोबदला येतील, मीही येईन.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी सिव्हिलियन कामगारांची रजिस्टरं त्यांच्या घरच्यांना बघायला मिळावीत. पेन्शन नको, पैसा नको. नाव, हुद्दा, नेमणुकीची तारीख, एवढंच.

आणि शाळांना एक साधं पत्रक काढा, शिक्षण विभाग आणि तुम्ही मिळून, की तळाचा प्रसिद्ध झालेला इतिहास मुलांनी लिहिला तर चालतो. कशाचे फोटो काढायचे नाहीत, कशाबद्दल लिहायचं नाही, ते त्यात स्पष्ट सांगा, आम्ही तंतोतंत पाळू. हे पत्रक नसल्यामुळे खालच्या पातळीवरचा प्रत्येक माणूस घाबरून नाही म्हणतो, आणि त्याचा दोष मी त्याला देत नाही.

यातली कुठली मागणी मान्य करता येत नसेल तर ती का येत नाही ते लेखी कळवा. आमची शाळा एप्रिलच्या शेवटापर्यंत चालू आहे, त्याआधी कळवलंत तर पुढच्या जूनपासून मुलाखतींचं काम सुरू करता येईल, कारण ज्यांना विचारायचंय त्यातले दोघंजण सध्या आजारी आहेत. उत्तर आलं की जसं येईल तसं, एक शब्दही न बदलता, इथेच सगळ्यांसाठी टाकेन.

आपली,
भिंगारची एक इतिहास शिक्षिका